जन्मजात हृदयदोषाचं ऑपरेशन झालेलं मूल घरी आणताना

डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरनी माझ्या हातात तीन गोष्टी दिल्या: जाडजूड फाईल, औषधांची पिशवी आणि माझी लेक. त्याआधीचे बारा दिवस तिच्याकडे सतत कुणी ना कुणी बघत होतं. डोक्याशी मॉनिटर, त्यावर सरकणाऱ्या रेषा, जरा कमी-जास्त झालं की लगेच आवाज. आता कऱ्हाडला घरी गेल्यावर रात्री ती झोपली की तिच्याकडे बघणारी मी एकटी. लिफ्टमधून खाली येईपर्यंत माझे पाय लटपटत होते.

तिला टॉफ होता, म्हणजे टेट्रालॉजी ऑफ फॅलो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी त्या छिद्रावर सरकलेली आणि उजवा कप्पा जाड झालेला. त्यामुळे अशुद्ध रक्त शुद्ध रक्तात मिसळायचं, रडताना ओठ जांभळे व्हायचे, चार पावलं चालली की ती उकिडवी बसायची. ऑपरेशनमध्ये छिद्रावर पॅच लावला आणि फुप्फुसाची वाट मोठी केली. तेव्हा ती तीन वर्षांची होती, आता नऊची आहे. मधल्या काळात अशा मुलांच्या बऱ्याच आयांशी माझं फोनवर बोलणं झालं. प्रश्न सगळ्यांचे तेच: उचलायचं कसं, आंघोळ कधी घालायची, ताप आला तर काय, शाळा कधी. म्हणून हे एका जागी लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. इथे लिहिलेलं आणि तुमच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं यात फरक दिसला तर कार्डावरचं खरं धरा. छिद्र बुजवलेलं मूल, टॉफ दुरुस्त केलेलं मूल आणि टप्प्याटप्प्याने ऑपरेशनं होणारं मूल, या तिघांचे नियम सगळे सारखे नसतात. कॅथेटर (रक्तवाहिनीतून नेलेली बारीक नळी) घालून छत्रीसारखं डिव्हाइस बसवलं असेल तर छाती उघडलेलीच नसते, त्यामुळे खालचा हाडाबद्दलचा भाग त्या मुलांना लागू नाही.

निघण्याआधी विचारून घ्यायचं

डिस्चार्जची घाई दुपारी होते. बिल, योजनेचे कागद, गाडी. त्या गडबडीत विचारायचं राहून जातं, म्हणून आदल्या दिवशी राउंडच्या वेळी वही घेऊन उभ्या राहा.

ऑपरेशनचं पूर्ण नाव लिहून घ्या. ‘हार्टचं ऑपरेशन झालं’ एवढं पुढे कुणालाच उपयोगी पडत नाही. पॅच कशाचा लावला, झडपेला हात लावला का, काही छिद्र किंवा गळती शिल्लक आहे का, हे विचारा. डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशन नोट आणि शेवटच्या इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट मागा. ऑपरेशन नोट बऱ्याचदा आपणहून देत नाहीत, पण दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांना तीच हवी असते.

मग आकडे. घरी जाताना मुलाचं वजन किती, बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजन किती, शांत झोपेत श्वास मिनिटाला किती. हे तुमच्या मुलाचे मूळ आकडे, पुढची सगळी तुलना त्यांच्याशी करायची. पूर्ण दुरुस्ती झालेल्या बहुतेक मुलांचा ऑक्सिजन पंचाण्णवच्या आसपास किंवा वर असतो. पण ग्लेनसारखं मधल्या टप्प्याचं ऑपरेशन झालेल्या मुलाचा ७५ ते ८५ असणं अपेक्षितच असतं. मला एका आईचा रात्री अकराला फोन आला होता, ‘ऐंशी दाखवतंय, काय करू?’ तिच्या बाळाचं ग्लेन झालं होतं आणि डिस्चार्जच्या दिवशीही ऐंशीच होता. तो आकडा तिला कुणी लिहून दिला नव्हता, एवढंच.

औषध स्वतः भरून दाखवा आणि सिस्टरना बघायला सांगा. रात्री फोन कुणाला करायचा तो नंबर घ्या, आणि तो खरंच लागतो का ते तिथूनच लावून बघा. सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर पुढच्या तपासण्या आणि औषधांबद्दल आरोग्यमित्रांना, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसांना, विचारा. अंगणवाडी किंवा शाळेच्या तपासणीत दोष सापडून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून आला असाल तर त्या पथकाला आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राला ऑपरेशन झाल्याचं कळवा, पुढच्या फेऱ्यांना त्यांची मदत होते.

गाव लांब असेल तर लगेच निघू नका. शक्य असेल तर आठवडाभर रुग्णालयाच्या जवळपास राहा. पैशांची अडचण असेल तर समाजसेवा विभागात सांगा, राहण्याच्या सोयीची माहिती त्यांच्याकडे असते. मी सांगेपर्यंत त्यांनाही कळलं नव्हतं की आम्ही व्हरांड्यात झोपतोय.

उचलणं

हा भाग मी सगळ्यात सावकाश सांगणार आहे, कारण चूक इथेच होते आणि ती प्रेमाने होते.

छातीच्या मधलं हाड उभं कापून हृदयापर्यंत पोचतात आणि शेवटी ते बहुतेक वेळा स्टीलच्या बारीक तारांनी शिवतात. तारा आतच राहतात, त्या काढायच्या नसतात. हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, अगदी पक्कं व्हायला आणखी थोडे. तोवर मुलाला काखेत हात घालून उचलायचं नाही, हात धरून ओढायचं नाही, दंडाला धरून उभं करायचं नाही. तसं केलं की दोन्ही बाजूंनी त्या जुळणाऱ्या हाडावरच ताण येतो.

आम्ही घरी पोचलो तेव्हा सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. ओवाळून झालं आणि त्यांनी सवयीने दोन्ही हात लेकीच्या काखेत घातले. ती किंचाळली. सासूबाईंचा चेहरा इतका पडला की त्यांनी पुढचे दोन दिवस तिला हातच लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हटलं, आई, थापलेली भाकरी तुम्ही परातीतून तव्यावर कशी नेता? कडेला धरून उचलत नाही ना? खालून हात सरकवून तळव्यांवर पेलता. तसंच. एक हात मान आणि खांद्यांच्या खाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि अख्खं मूल एकदम वर. त्यांना ते एका क्षणात जमलं. नंतर घरात येणाऱ्या प्रत्येकाला त्याच शिकवायच्या, आधी उशी उचलायला लावून.

मोठ्या मुलाला अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायला, मग पाय खाली सोडायला आणि मग तुमच्या पाठीमागून दिलेल्या आधाराने बसायला शिकवा. हात टेकून जोर लावत उठू देऊ नका. शर्ट पुढून बटणांचे घाला. डोक्यातून घालायचे टीशर्ट काही आठवडे कपाटात राहू देत. तान्ह्या बाळाला पोटावर घालू नका.

छातीवर हात ठेवल्यावर हाड कटकट वाजतंय, सरकतंय असं वाटलं तर त्याच दिवशी रुग्णालयाला कळवा.

बाळाच्या पीडीएसारखी (जन्मानंतर बंद व्हायची हृदयाजवळची रक्तवाहिनी उघडीच राहते, ती बंद करण्याची) काही ऑपरेशनं बरगड्यांच्या मधून, पाठीच्या बाजूने होतात. तिथे मधलं हाड कापलेलं नसतं, पण त्या बाजूचा खांदा मूल आखडून धरतं. कधीपासून आणि कसा हात हलवायचा ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

जखम आणि आंघोळ

जखमेवर काहीही लावायचं नाही. हळद नाही, खोबरेल नाही, तूप नाही, पावडर नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी घरच्या गाईच्या तुपात हळद खलून आणली होती, मनापासून आणली होती. मी वाटी घेतली, हात जोडले आणि ते तूप आम्ही वरणभातावर खाल्लं. लहान बाळांची मालीश आणि धुरीसुद्धा बंद ठेवा. छातीवर दाब नको आणि धूर तर फुप्फुसाला अजिबातच नको.

सुरुवातीला ओल्या कापडाने अंग पुसा. जखम कोरडी झाली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की तांब्याने कोमट पाणी घालून आंघोळ घाला. टबात बसवणं, पोहणं, नदी-विहीर हे किमान सहा आठवडे आणि खपल्या पूर्ण पडेपर्यंत नाही. मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. पोटाच्या वरच्या भागात नळ्या होत्या त्या बारीक भोकांकडेही रोज बघा. तिथले टाके कधी काढायचे ते कार्डावर असतं आणि ते विसरलं जातं.

कडेने थोडी खाज, किंचित गुलाबीपणा चालतो. लाली पसरत चालली, कडा उघडल्या, पाणी किंवा पू आला, वास आला, तर फोटो काढून पाठवण्यात वेळ घालवू नका, घेऊन जा.

खोकला आणि फुंकर

खोकताना दुखतं म्हणून मुलं खोकत नाहीत, आणि खोकली नाहीत तर कफ साठतो. छोटी उशी किंवा घडी केलेला टॉवेल छातीशी धरून खोकायला सांगा, दुखणं निम्म्यावर येतं. रुग्णालयात श्वासाच्या व्यायामासाठी तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर देतात. ते ओढायचं असतं, फुंकायचं नसतं. आमच्या लेकीला ते जमेना, ती प्रत्येक वेळी फुंकरच मारायची. शेवटी फिजिओच्या ताईंनीच साबणाचे फुगे आणि भिरभिरं आणायला सांगितलं. दिवसातून चार-पाच वेळा गच्चीच्या दारात बसून आम्ही फुगे उडवायचो.

दुखण्याचं औषध ठरलेल्या वेळी द्या. मूल रडायला लागेपर्यंत थांबू नका, दुखणं दाबलेलं असेल तरच ते हलेल, खोकेल आणि जेवेल.

जेवण

पहिले दहा-पंधरा दिवस भूक मेलेली असते. ऑपरेशनआधी वजन कमी म्हणून आपण आधीच धास्तावलेले असतो, त्यामुळे आता ठासून भरवायचा मोह होतो. थोडं थोडं, दर दोन-अडीच तासांनी द्या. मऊ भात-वरण-तूप, नाचणीची खीर, अंडं, मऊ खिचडी, जे आवडतं ते. पापड, लोणचं, वेफर्स, फरसाण बंद, कारण मिठाने अंगात पाणी धरतं. दिवसाला किती पाणी-दूध चालेल याचा आकडा काही मुलांना दिलेला असतो. तो असेल तर औषधाचा घोटसुद्धा त्यात धरा.

शहाळ्याबद्दल वेगळं लिहिते. भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणतो. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एनालाप्रिल या औषधांनी शरीरात पोटॅशियम आधीच साठतं, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून या दोन्हींपैकी काही चालू असेल तर विचारल्याशिवाय शहाळं देऊ नका.

अंगावर पिणारं बाळ पिताना दमतं, घामाघूम होतं, मध्येच सोडून देतं. त्याला विश्रांती देत पाजा. वीस-तीस मिनिटांच्या वर ओढू नका, पुरेसं जात नसेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने कसं द्यायचं ते आहारतज्ज्ञांकडून शिका. पिताना दर वेळी ठसका लागत असेल किंवा रडण्याचा आवाज घोगरा राहिला असेल तर तेही सांगा. काही ऑपरेशनांत स्वरयंत्राची नस दुखावते. आणि छातीत चिकट दुधी पाणी साठल्यामुळे ज्यांना बिनतुपाचा आहार दिलाय, त्यांनी वर लिहिलेलं तूप अर्थातच विसरायचं.

औषधं

लघवीचं औषध, ठोके किंवा रक्तदाब सांभाळणारं एखादं, काहींना ॲस्पिरिन. बहुतेकांची यादी एवढीच असते. गोंधळ होतो तो मापात. लहान मुलांसाठी गोळी ठरावीक मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातले काही मिलिलिटर सिरिंजने द्यायला सांगतात. घरचा चमचा त्यासाठी वापरू नका.

आमच्याकडची पहिली पट्टी संपल्यावर जवळच्या औषध दुकानातून तीच गोळी आणली. नाव तेच, पाकीट जवळपास तसंच. पाण्यात टाकताना गोळी जरा मोठी वाटली म्हणून उलटून बघितलं, तर २५ ऐवजी ५० मिलिग्रॅम. दुकानदारांनी लगेच बदलून दिली, पण बघितलं नसतं तर रोज दुप्पट गेली असती. तेव्हापासून रिकामी पट्टी घेऊनच दुकानात जायचं आणि मिलिग्रॅमचा आकडा मोठ्याने वाचायचा, हा आमच्या घरचा नियम आहे.

लघवीच्या औषधाचा दुसरा डोस दुपारी उशिरापर्यंत संपवला तर रात्र बरी जाते, पण वेळ बदलायची ती डॉक्टरांना विचारून. डोस चुकला तर पुढचा दुप्पट द्यायचा नाही. उलटी झाली तर परत द्यायचा का, हे प्रत्येक औषधापुढे आधीच लिहून घ्या. ॲस्पिरिन चालू असताना मुलाला कांजिण्या किंवा फ्लू झाला, किंवा घरात कुणाला झाला, तर लगेच कळवा. आणि तापासाठी आयब्युप्रोफेन स्वतःहून देऊ नका.

ताप, आणि कधी धावायचं

घरी डिजिटल थर्मामीटर हवाच. १००.४ च्या वर ताप गेला की रुग्णालयाला फोन, रात्र असली तरी.

आमच्या लेकीला तिसऱ्या आठवड्यात ताप आला. किरकिर, छातीत दुखतंय म्हणायची, आडवं झालं की जास्त. जवळच्या डॉक्टरांनी व्हायरल म्हणून अँटिबायोटिक लिहून दिलं. मी एक डोस दिला आणि मग ऑपरेशन झालेल्या ठिकाणी फोन केला. तिथल्या डॉक्टरांनी पुढचा डोस थांबवून लगेच बोलावलं. इकोमध्ये हृदयाभोवती पाणी दिसलं. हृदयाचं आवरण उघडल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत काही मुलांना असं होतं, सूज कमी करणाऱ्या औषधाने आमचं आवरलं. पण क्रम उलटा हवा होता: आधी फोन, मग औषध. दुसरं कारणही तितकंच मोठं आहे. हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग झाला असेल तर तो रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, सापडतो, आणि आधीच अँटिबायोटिक गेलं असेल तर कल्चर कोरं येऊ शकतं. पुढे कितीही वर्षांनी, कारण न सापडणारा ताप चार दिवस टिकला तरी ‘आधी कल्चर काढूया का?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारा. विचारण्यात त्यांचा अपमान नाही.

हे दिसलं तर थांबू नका:

– झोपेतही श्वास जोरात, बरगड्यांमध्ये खड्डे, नाकपुड्या फुलणं
– ओठ-जीभ निळसर, राखाडी, किंवा ऑक्सिजन मूळ आकड्यापेक्षा बराच खाली
– बेशुद्ध पडणं, चक्कर, छातीत फडफड, ठोके खूप जलद किंवा खूप हळू
– दूध-जेवण निम्म्याच्या खाली, लघवी अगदी कमी, सारखी उलटी
– पापण्या, पाय सुजणं, एक-दोन दिवसांत वजन एकदम वाढणं
– मूल मलूल, हाक मारली तरी नीट बघत नाही

१०८ ला फोन करताना ‘हृदयाचं ऑपरेशन झालेलं मूल’ हे पहिलं वाक्य बोला. फाईल बरोबर घ्या.

रोज सकाळी वजन आणि रात्री झोपेतले श्वास, पूर्ण एक मिनिट मोजून, वहीत लिहा. सारखं मोजू नका. पहिल्या आठवड्यात मी रात्रीतून दहा वेळा उठायचे. शेवटी माझ्या नवऱ्याने ठरवलं की साडेदहाला एकदा मोजायचं, लिहायचं, आणि झोपायचं. आकडा लिहिला की मनाला टेकायला जागा मिळते.

घरात येणारी मंडळी

पहिले सहा आठवडे भेटी कमीत कमी. वाईट वाटेल त्यांना वाटू द्या. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ हे वाक्य वापरा. सर्दी-खोकला असलेल्याने घरात यायचं नाही, आलेल्याने हात धुवायचे, पापे घ्यायचे नाहीत. लग्न, जत्रा, बारसं, भरलेली एसटी टाळा. दुचाकीवर पुढे-मागे बसवून नेणं तर नकोच. गाडीत पट्टा लावायचा, पट्ट्याच्या खाली छातीशी मऊ टॉवेल ठेवायचा, आणि चालवणाऱ्याला खड्डे हळू घ्यायला सांगायचं.

लसीकरणाचं कार्ड डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशनमध्ये रक्त दिलेलं असेल तर गोवर-रुबेलासारखी लस काही महिने पुढे ढकलावी लागते, नाहीतर ती नीट लागू होत नाही. अंगणवाडीताईंना हे माहीत असेलच असं नाही.

मुलाचं मन

याबद्दल मला कुणीही सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर लेक रात्री ओरडत उठायची. आधी चड्डीत शू करणं सुटलेलं होतं, ते परत सुरू झालं. मला एक मिनिट सोडायची नाही, आणि पांढरा शर्ट घातलेला कुणीही आला की पलंगाखाली. अतिदक्षता विभागातून आलेल्या मुलांमध्ये हे नेहमी दिसतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. रागावू नका, ‘एवढी मोठी झालीस’ म्हणू नका.

आमच्याकडे बाहुलीने काम केलं. सुई नसलेली सिरिंज आणि चिकटपट्टी दिली. तिने बाहुलीच्या छातीवर उभी पट्टी लावली, दोन्ही हात धरून ठेवले आणि म्हणाली, ‘हलायचं नाही, संपलं आता.’ रोज तेच, कितीतरी दिवस. मी फक्त शेजारी बसायचे. एका सकाळी तिने ती पट्टी स्वतःच काढली. महिना-दोन महिन्यांनी त्रास वाढतच असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा, समुपदेशकाची मदत मिळते.

घरात दुसरं भावंड असेल तर त्याला खरं सांगा. माझ्या मोठ्या मुलाला वाटत होतं की त्याने ढकललं म्हणून धाकटीचं हृदय बिघडलं. हे त्याने आम्हाला दोन महिन्यांनी सांगितलं. आणि आईनेही झोपायचं, जेवायचं. दुपारी दोन तास दुसऱ्या कुणावर सोपवणं हा निष्काळजीपणा नाही.

सहा आठवड्यांनंतर

तपासणीत हाड जुळलेलं आहे असं सांगितलं की घरातला कडक पहारा उठवा. मुलं स्वतःच आपली गती ओळखतात: दमली की थांबतात. साधारण सहा आठवड्यांनी बालवाडी-शाळा, आधी अर्धा दिवस. दप्तर पाठीवर नाही. झाडावर, जंगलजिमवर चढणं, सायकल, कबड्डी, कुस्ती, धक्काबुक्कीचे खेळ साधारण तीन महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून. शाळेला लेखी चिठ्ठी द्या, ज्यात काय चालेल तेही लिहिलेलं असेल. नाहीतर बाई घाबरतात आणि मुलाला कायमचं बाकावर बसवून ठेवतात. दुरुस्ती चांगली झालेली बहुतेक मुलं पळू शकतात आणि त्यांनी पळावं. टॉफच्या मुलांना स्पर्धेचे किंवा जोर लावायचे खेळ खेळायचे असतील तर तपासणी करून ठरवतात.

दातांची काळजी आता आयुष्यभर. किडलेल्या दातातून जंतू रक्तात जातात आणि पॅच किंवा झडपेवर बसू शकतात. रोज दोनदा ब्रश करा. दात काढणं किंवा हिरड्यांमधून रक्त येईल असं काही करायचं असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. पॅच लावल्यानंतरचे पहिले सहा महिने, पॅचजवळ गळती शिल्लक असेल तर नंतरही, आणि कृत्रिम झडप असेल तर कायम, आधी अँटिबायोटिकचा एक डोस द्यावा लागतो.

व्रण

व्रण आधी लाल-जांभळा होतो, वर्ष-दीड वर्षात फिका पडत जातो. पहिलं वर्ष त्यावर थेट ऊन नको. तो जाड, उंच होत चालला तर लवकर दाखवा, उपाय असतात.

मुलगी म्हटल्यावर पहिल्याच महिन्यात एका नातेवाईक बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘कुणाला सांगू नकोस, पुढे लग्नाला अडचण येईल.’ माझी सगळ्या आयांना हात जोडून विनंती आहे, हे करू नका. गळाबंद फ्रॉक घालून वाढवलेली मुलगी स्वतःच्या आजाराचं नाव शिकत नाही, आणि मग विशीत तपासणीला जाणं सोडून देते. धोका त्यात आहे. आमची लेक तिच्या व्रणाला ‘माझी चेन’ म्हणते. शाळेत विचारलं की उघडून दाखवते.

मोठेपणी ऑपरेशन झालं असेल तर

वरच्या कप्प्यांमधलं छिद्र पुष्कळदा विशी-तिशीत, कधी गरोदरपणातल्या तपासणीत सापडतं. हाडाचे नियम तेच. सहा ते आठ आठवडे भरलेली बादली, गॅसचा सिलेंडर, कडेवरचं मूल उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही, हात टेकून उठायचं नाही. रोज घरातल्या घरात, मग अंगणात चालणं वाढवत न्यायचं. बायकांना दहाव्या दिवशी ओट्याशी उभं केलं जातं, म्हणून कणीक मळणं आणि धुणं पिळणं ही कामं नकोत असं कार्डावरच लिहून घ्या. पुन्हा दिवस राहण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला हवाच.

पुढची वर्षं

साधारण आठवडा, महिना, तीन महिने, सहा महिने, मग वर्षाने एकदा. असा तपासण्यांचा क्रम असतो. मूल ठणठणीत दिसायला लागलं की दोन-तीन वर्षांनी लोक जाणं थांबवतात. टॉफच्या बाबतीत तर ते फारच चुकीचं आहे. अमेरिकेत मिनेसोटा इथे डॉ. लिलेहाय यांनी १९५४ मध्ये टॉफची पहिली पूर्ण दुरुस्ती केली. त्या काळातली मुलं मोठी झाली तेव्हा कळलं की फुप्फुसाच्या वाटेवरची झडप वर्षानुवर्षं गळत राहिली तर उजवा कप्पा हळूहळू ताणला जातो, ठोके बिघडू शकतात, आणि हे सगळं माणसाला काहीही न जाणवता होतं. म्हणून इको, ईसीजी, थोडं मोठं झाल्यावर एमआरआय. छातीतल्या तारा एमआरआयच्या आड येत नाहीत. काहींना पुढे नवी झडप बसवावी लागते, ती वेळेत बसवली तर कप्पा सावरतो. ईसीजीवर ‘उजवा बंडल ब्रँच ब्लॉक’ (उजव्या कप्प्याकडे विजेचा संदेश उशिरा पोचणं) लिहिलेलं बघून घाबरू नका, या ऑपरेशननंतर तो बऱ्याच मुलांत कायमचा असतो. पण ईसीजीची एक प्रत जवळ ठेवा, म्हणजे नवीन डॉक्टरही घाबरणार नाहीत.

फाईलचे सगळे कागद स्कॅन करून फोनमध्ये आणि मेलवर ठेवा. आमच्या भागात २०१९ च्या पुरात कित्येकांचे कागद गेले. अठराच्या आसपास मूल मोठ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जातं, तेही जन्मजात दोष बघणाऱ्यांकडे जावं. त्याआधी त्याला आपलं ऑपरेशन स्वतः सांगता यायला हवं. आम्ही दर तपासणीच्या आदल्या रात्री तयारी करतो. मी डॉक्टर होते, ती सांगते: टेट्रालॉजी ऑफ फॅलो, तिसऱ्या वर्षी ऑपरेशन, पॅच आहे, झडप थोडी गळते. या वेळी तिने पाचवी गोष्ट जोडली, ‘आणि शहाळं चालतं आता, औषध बंद झालंय.’